जळीत रुग्णाला सलाईन चालू, तरी लघवी कमी: आधी काय तपासायचं

"सर, ४० टक्के बर्न आहे, दोन लायनी चालू आहेत, पण तासाला दहा-पंधरा मिलीच लघवी येतीय. लॅसिक्स देऊ का?"

मराठवाड्यातल्या कुठल्याही ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा आहे. त्याचं अर्धं उत्तर आधीच देतो: लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊ नका. जळिताच्या पहिल्या २४ तासांत लघवी कमी होते ती बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांत पाणी कमी पडल्यामुळे. लॅसिक्सने उरलेलं पाणीही बाहेर जातं, आणि पुढचे काही तास लघवीचा आकडा बघून काहीच ठरवता येत नाही. छोट्या रुग्णालयात शॉक (रक्ताभिसरण ढासळणं) कितपत आवरलाय हे सांगणारं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे दर तासाची लघवी. ते आपल्याच हाताने बंद करू नये.

उरलेलं अर्धं उत्तर "सलाईन वाढवा" असं मात्र लगेच देता येत नाही. कधी लघवी होत असते पण पिशवीत येत नाही. कधी सलाईन लटकलेलं असतं पण शिरेत जात नाही. कधी वेळेचा नाहीतर वजनाचा हिशेब चुकलेला असतो. आणि कधी पाणी इतकं जास्त गेलेलं असतं की पोटातला दाब वाढून किडनीचा रक्तपुरवठा दबतो. या शेवटच्या प्रकारात सलाईन वाढवलं तर रुग्ण हातचा जातो. म्हणून तपासण्याचा क्रम पाळावा लागतो. मी ज्या क्रमाने बघतो तो इथे लिहितोय. हे वैद्यकीय अधिकारी आणि सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे.

पिशवीतला आकडा खरा आहे का?

कॅथेटरपासून, म्हणजे लघवीच्या नळीपासून, सुरुवात करा. नळी मांडीखाली दबली आहे का, ड्रेसिंगच्या पट्टीत आवळली गेली आहे का, स्ट्रेचरवरून बेडवर घेताना युरोबॅग रुग्णाच्या पोटावर ठेवली होती ती तशीच राहिली का? पुरुषांमध्ये जननेंद्रियाला सूज आली की कॅथेटर पुढेमागे सरकतो. फुगा मूत्राशयात नसून मूत्रमार्गातच फुगवलेला, असंही होतं. ओटीपोट हाताने दाबून बघा, मूत्राशय भरलेलं लागतंय का. शंका असेल तर निर्जंतुक पद्धतीने २० ते ३० मिली सलाईन आत सोडून परत ओढून घ्या. गेलं तेवढं परत आलं तर नळी मोकळी आहे.

पुढचा प्रश्न मोजणीचा. साध्या युरोबॅगवरच्या रेषा मोठ्या मापाच्या असतात. त्यावर १५ मिली आणि ३५ मिली यातला फरक कळत नाही, आणि आपला सगळा निर्णय त्याच फरकावर उभा असतो. युरोमीटर (बारीक मापाच्या रेषा असलेली लघवीची पिशवी) असेल तर उत्तमच. नसेल तर दर तासाला पिशवी पूर्ण रिकामी करा आणि ५० मिलीच्या सिरिंजने मोजा. थोडं वेळखाऊ आहे, पण आकडा खरा मिळतो. सफाईवाल्या मावशींना किंवा मामांना आधीच सांगून ठेवा की या बेडची पिशवी परस्पर ओतायची नाही. एक्स-रेला नेताना, वॉर्ड बदलताना, पाळी बदलताना पिशवी रिकामी होते आणि चार्टवर येत नाही. मग "दोन तासांत २० मिली" असं दिसतं आणि सगळे घाबरतात.

लघवी शून्य असेल तर लगेच हालचाल करा. कमी असेल तर एका तासाच्या आकड्यावर उडी घेऊ नका, सलग दोन तासांचे आकडे बघा. मोठ्या माणसात उद्दिष्ट तासाला किलोमागे ०.५ मिली, म्हणजे साधारण ३० ते ५० मिली. २० टक्क्यांवरच्या प्रत्येक जळिताला कॅथेटर हवाच, मग गुप्तांगाजवळ भाजलेलं असो वा नसो. तिथे भाजलंय म्हणून थांबू नये, उलट सूज वाढायच्या आत घालावा.

सलाईन खरोखर आत गेलं का?

केसपेपरवर "आरएल ३०० मिली प्रति तास" लिहिलेलं असतं (आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे सलाईन). प्रत्यक्षात किती गेलं हे बाटली सांगते, कागद नाही. आपल्याकडच्या मोठ्या माणसांच्या बहुतेक ड्रिप सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो (पाकिटावर छापलेलं असतं, एकदा वाचून घ्या). म्हणजे तासाच्या मिलीला ३ ने भागलं की मिनिटाचे थेंब मिळतात. ३०० मिलीला मिनिटाला १०० थेंब. एका लाइनला १०० थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत. ५०-५० थेंबांच्या दोन लायनी ठेवल्या तर येतात. बाटलीवर चिकटपट्टी उभी लावून तिच्यावर पेनने तासाच्या खुणा केल्या, तर पाळीवर येणाऱ्या सिस्टरला लांबूनही कळतं की पाणी मागे पडलंय की पुढे गेलंय. इन्फ्युजन पंप असेल तर हा त्रास नाही, पण पंप बहुधा एकच असतो आणि तो दुसऱ्या रुग्णाला लागलेला असतो.

लाइन अडण्याची कारणंही जळितात वेगळी असतात. भाजलेल्या कातडीवर चिकटपट्टी बसत नाही, म्हणून कॅन्युला (शिरेत बसवलेली छोटी नळी) हळूहळू बाहेर येते. ती टाक्याने किंवा पट्टीने बांधावी लागते. हात सुजत जातो तशी आखूड कॅन्युला शिरेतून निसटते आणि पाणी मांसात जातं. आधीच सुजलेल्या हातात ही नवी सूज ओळखू येत नाही. धार तपासायची तर बाटली रुग्णाच्या पातळीखाली धरून नळीत रक्त मागे येतं का बघा. चांगल्या कातडीतून शीर मिळत नसेल तर भाजलेल्या कातडीतून लाइन घ्यायला हरकत नाही. मिळेल ती जाड शीर, जाड कॅन्युला.

एक प्रसंग इथे मुद्दाम लिहितो, कारण तो वारंवार येतो. भाजलेल्या बाईचा जबाब घ्यायला पोलीस आणि कार्यकारी दंडाधिकारी येतात. ती शुद्धीवर आणि जबाब द्यायच्या स्थितीत आहे की नाही हे डॉक्टरला लिहून द्यावं लागतं, नातेवाइकांना बाहेर काढावं लागतं, कागद होतात. हे सगळं व्हायलाच हवं. पण तेवढ्या वेळात बाटली संपते आणि नळीत रक्त गोठतं. जबाब चालू असताना एका सिस्टरचं काम फक्त सलाईन आणि लघवी बघणं एवढंच ठेवा. त्या बाईचा जबाब जितका महत्त्वाचा, तितकंच तिचं जगणंही.

घड्याळ, वजन, टक्केवारी

पार्कलंड फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो: ४ मिली × वजन × जळीत टक्केवारी, निम्मं पहिल्या ८ तासांत, उरलेलं पुढच्या १६ तासांत. डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयातल्या चार्ल्स बॅक्स्टर आणि टॉम शायर्स यांनी तो १९६८ मध्ये मांडला. आता मोठ्या माणसांत २ मिलीने सुरुवात करण्याकडे कल आहे, लेकरांत ३ आणि विजेच्या जळितात ४. कुठलाही आकडा घ्या, तो फक्त पहिल्या तासाचा दर काढण्यासाठी आहे. त्यानंतर दर ठरवते ती लघवी. हे ज्याला पटलं त्याच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

८ तास मोजायचे ते भाजल्या वेळेपासून, दवाखान्यात आल्यापासून नाही. चूक नेमकी इथे होते, कारण वेळ कुणी नीट विचारत नाही. "किती वाजता भाजलं?" या प्रश्नाला खेड्यातून आलेल्या, हादरलेल्या माणसाकडे उत्तर नसतं. "डेअरीला दूध घालायच्या आधी का नंतर?", "शाळा भरली होती का?", "लाइट गेली होती का?" असं विचारलं की वेळ अर्ध्या तासाच्या आत सापडते.

हिशेब करून दाखवतो. वजन ५० किलो, जळीत ४० टक्के, सकाळी ६ ला भाजलेली बाई ९ ला तुमच्याकडे पोचली. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रात ५०० मिली गेलं. २ मिलीने २४ तासांचे ४००० मिली, निम्मे २००० मिली दुपारी २ पर्यंत. ५०० गेले, उरले १५०० मिली आणि तास ५. म्हणजे ३०० मिली तासाला, दोन लायनी, ५० थेंब प्रत्येकी. लघवीचं उद्दिष्ट किमान २५, शक्यतो ३० च्या वर.

रुग्ण दुपारी १ ला आला तर मात्र हेच गणित "एका तासात १५०० ओता" असं सांगेल. ते करू नका. पहिल्या तासांत रक्तवाहिन्या गळक्या पाइपलाइनसारख्या असतात, एकदम जास्त पाणी सोडलं की तेवढंच जास्त बाहेर झिरपतं. अशा उशिरा आलेल्या रुग्णात मी फॉर्म्युल्याच्या साध्या दराने, इथे २५० मिलीने, सुरुवात करतो आणि दर तासाला लघवीवरून वाढवतो. बीपी खरंच पडलेलं असेल तेवढ्यापुरताच बोलस (एकदम दिलेलं जादा पाणी), आणि तो चार्टवर लिहायचा. तसंच ८ तास भरले म्हणून धार एकदम अर्धी करायची नाही, लघवी बघत हळूहळू कमी करायची.

वजनाचं काय? भाजण्याआधीचं वजन हवं. सूज आल्यावर घेतलेलं वजन फसवं असतं. बाईचं नुकतंच बाळंतपण झालं असेल तर माता-बाल कार्डावर वजन मिळतं. लहान लेकराचं वजन अंगणवाडी सेविकेला फोन करून विचारा, तिच्या नोंदीत ते असतं. वयावरून काढलेला अंदाज आपल्या भागातल्या कुपोषित लेकरांत बऱ्याचदा जास्त निघतो.

टक्केवारी बहुतेक वेळा जास्त लिहिली जाते. काजळी, हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, जे काही घरी लावलं असेल ते धुवून काढल्याशिवाय टक्केवारी लिहू नका. फोड न आलेली नुसती लाल कातडी मोजायची नाही. विखुरलेल्या डागांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट १ टक्का. लेकरांना नवाचा नियम (अंगाचे ९-९ टक्क्यांचे भाग धरून मोजणं) लागू होत नाही, त्यांचं डोकं मोठं आणि पाय लहान असतात. त्यांच्यासाठी वयानुसार टक्केवारी देणारा १९४४ चा लंड-ब्राउडर तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर लावून ठेवा. आणि घेर घेऊन, म्हणजे सगळ्या बाजूंनी गोल, भाजलेली छाती, पोट, हात-पाय आहेत का ते याच वेळी बघून घ्या, पुढे त्याची गरज पडते.

आकडा खरा, पाणी गेलंय, हिशेब बरोबर. आता वाढवा

दर २० ते २५ टक्क्यांनी वाढवा, दुप्पट करू नका. ३०० चे ३६०, तासभर थांबा, लघवी मोजा, मग पुढचं ठरवा. लघवी ५० च्या वर जायला लागली की तेवढ्याच टक्क्यांनी कमी करा. कमी करायला लोक विसरतात. लघवी ८० आली की "छान चाललंय" म्हणून धार तशीच ठेवली जाते आणि सकाळी रुग्ण तोंडापासून पायापर्यंत सुजलेला असतो. याला इंग्रजीत फ्लुइड क्रीप म्हणतात. २००० साली बॅसिल प्रुइट यांनी हे नाव दिलं. आपल्या वॉर्डात हा प्रकार रोज घडतो.

सोबत काय बघायचं? मोठ्या माणसात पल्स १०० ते १२० असणं जळितात अपेक्षितच आहे, नुसत्या पल्सवर सलाईन वाढवू नका. दुखणंही पल्स वाढवतं. सुजलेल्या हातावरचा बीपी कफ खोटं बोलतो, शक्य असेल तर कमी सुजलेल्या अंगावर लावा. रुग्ण अस्वस्थ होऊन उठू पाहतोय, बडबडतोय, तर आधी ऑक्सिजन बघा. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तालुक्याच्या लॅबमध्येही होतात आणि उपयोगाचे आहेत, पण आपल्याकडे एक खाच आहे. इथल्या बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच ९-१० असतं. अशा बाईचं भाजल्यानंतर १३ आलं तर कागदावर ते छान दिसतं, प्रत्यक्षात तिचं रक्त दाट झालेलं असतं. म्हणून एक आकडा बघू नका, चार-सहा तासांनी परत काढा आणि कुठे चाललाय ते बघा. जिथे लॅक्टेट किंवा ब्लड गॅस होतो तिथे तेही असंच.

लघवी कमी राहण्याची दोन कारणं इंजेक्शनच्या ट्रेमध्येच असतात. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक, आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी अॅमिकासिन किंवा जेंटामायसिन. पाणी कमी असलेल्या किडनीवर हे दोन्ही जड जातात. पहिल्या दिवशी प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिकची गरजच नसते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, मिळत असेल तर मॉर्फिन किंवा फेंटॅनिल, थोड्या थोड्या मात्रेत, आणि शिरेतूनच. शॉकमध्ये मांसातलं इंजेक्शन रक्तात पोचत नाही. पोचत नाही म्हणून परत दिलं जातं, आणि रक्तप्रवाह सुधारला की सगळं एकदम चढतं.

वाढवत गेलो, तरी येत नाही

आता थांबून पोटाकडे बघा. पोट ताठ, ढोलासारखं, श्वास घ्यायला जड, व्हेंटिलेटरवर असेल तर दाब वाढलेले आणि लघवी घसरत चाललेली, तर पोटातला दाब वाढलाय असं धरा. एक सोपी सीमारेषा लक्षात ठेवावी: २४ तासांत किलोमागे २५० मिली. ५० किलोच्या बाईला १२,५०० मिली, म्हणजे आरएलच्या २५ बाटल्या. तिच्या जवळ पोचायच्या खूप आधी, ८ ते १२ तासांतच चालू दरावरून अंदाज बांधा की २४ तासांत आपण कुठे पोचणार.

दाब मोजायला मोठं यंत्र लागत नाही. रुग्णाला सपाट झोपवा, मूत्राशय रिकामं करा, २५ मिली निर्जंतुक सलाईन आत सोडा, नळी सरळ उभी धरा आणि कुशीच्या मध्यरेषेपासून पाण्याची उंची श्वास सोडल्यावर मोजा. १६ सेंटीमीटर म्हणजे साधारण १२ मिलिमीटर पारा, इथून दाब वाढलेला समजतात. २७ सेंटीमीटर म्हणजे २० मिलिमीटर पारा, आणि सोबत एखादं इंद्रिय नव्याने बंद पडत असेल तर ती आणीबाणी. धार वाढवणं थांबवा, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकून पोट मोकळं करा, दुखणं नीट आवरा, छाती-पोटावर घेर घेतलेलं ताठ जळीत असेल तर एस्करोटॉमीचा (ताठ जळालेली कातडी चिरून मोकळी करण्याचा) विचार लगेच करा आणि वरच्या केंद्राशी फोनवर बोला.

अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, शिरेतून देतात) याच टप्प्यावर उपयोगी पडतं. पहिल्या दिवसाच्या उत्तरार्धात, आरएलचा दर अपेक्षेपेक्षा खूप वर गेला असेल तर ते सुरू केल्याने एकूण पाणी कमी लागतं. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. नसेल तर काही ठिकाणी एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) वापरतात. स्टार्चची सलाइनं मात्र नकोत, किडनीला त्रास होतो.

अपेक्षेपेक्षा जास्त पाणी लागण्याचं आणखी एक कारण म्हणजे श्वासनलिका भाजणं. बंद खोलीत आग, जळालेल्या नाकपुड्या, थुंकीत काजळी, घोगरा आवाज, यातलं काही असेल तर पाणी जास्त लागणार हे गृहीत धरा. आणि श्वासाची नळी आधी घाला, सूज वाढल्यावर ती जात नाही.

उलटी तक्रार: लघवी भरपूर, पण रुग्ण ढासळतोय

ही तक्रार फोनवर कमी येते, कारण लघवी चांगली दिसली की कुणी फोन करत नाही. तासाला १०० मिली लघवी, आणि पल्स १४०, हात-पाय गार. ग्लुकोमीटर लावा. रक्तातली साखर ३०० च्या आसपास निघते. भाजल्याच्या ताणाने साखर चढते, त्यात कुणीतरी डीएनएस किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज (दोन्ही साखर असलेली सलाइनं) चालू केलेलं असतं. साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते. रुग्ण आतून कोरडा पडतो आणि चार्ट हिरवा दिसतो. मोठ्या माणसाला पहिल्या २४ तासांत डेक्स्ट्रोज नको. साखर आवरेपर्यंत लघवीचा आकडा बाजूला ठेवा आणि बाकीच्या खुणांवर चला. दारू प्यायलेल्या रुग्णात आणि रेफर होताना वाटेत लॅसिक्स मिळालेल्या रुग्णातही असंच फसायला होतं.

बाटल्या निवडताना आरएलच बरं. नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही १५४ असतात. लिटरच्या लिटर दिलं की रक्त आम्लधर्मी होतं. पण आरएल संपलं म्हणून वाट बघू नका, नॉर्मल सलाइनने सुरुवात करून आरएल मागवा.

लेकरं

लग्नाच्या मांडवात वरणाच्या पातेल्यात पडलेलं लेकरू, अंघोळीचं उकळतं पाणी अंगावर ओढून घेतलेलं लेकरू. १० टक्क्यांवर असेल तर सलाईन हवंच. १० किलोच्या लेकराला २० टक्के जळिताला ३ मिलीने २४ तासांचे ६०० मिली, त्यातले ३०० पहिल्या ८ तासांत, म्हणजे तासाला साधारण ३८ मिली. शिवाय रोजची गरज वेगळी: तासाला ४० मिली, आणि ती डेक्स्ट्रोज असलेल्या सलाइनमधून, कारण लेकरांत साखर पटकन उतरते. हे दोन दर वेगळ्या लायनींमधून चालवा. वाढवायचा-घटवायचा तो फक्त आरएलचा दर, डेक्स्ट्रोजचा नाही. मायक्रोड्रिप सेटला ६० थेंबांचा १ मिली होतो, म्हणून तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब.

लघवीचं उद्दिष्ट किलोमागे १ मिली, म्हणजे इथे तासाला १० मिली. कॅथेटर नसेल तेव्हा लंगोट कोरडा आणि ओला वजन करून बघा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. काटा ग्रॅममध्ये दाखवणारा हवा. आणि आई विचारते, "लेकराला पाणी पाजू का?" साधं पाणी भरपूर पाजलं की सोडियम उतरतं आणि झटके येतात. शुद्धीवर असेल, उलटी नसेल तर ओआरएस घोट घोट, आणि पाजलं ते चार्टवर.

करंट लागलेला रुग्ण

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर, डीपीवर फ्यूज टाकायला चढलेला माणूस, ओल्या रानात तुटून पडलेली तार. पावसाळ्यात हे रुग्ण वाढतात. वरून तळहातावर आणि पावलावर एकेक काळा डाग, पण आत स्नायू शिजलेले असतात. टक्केवारीचा हिशेब इथे चालत नाही. लघवी लालसर, काळपट, चहाच्या रंगाची दिसली तर स्नायूंचा रंग किडनीत अडकतोय. उद्दिष्ट वाढवून तासाला ७५ ते १०० मिली करा, आणि लघवी स्वच्छ होईपर्यंत तेच ठेवा. स्वच्छ झाली की परत ३० ते ५० वर या. ईसीजी काढा, पोटॅशियम बघा, हात-पाय ताठ होतायत का ते दर तासाला दाबून बघा. ताठ झाले तर सर्जनला उठवायला वेळ लावू नका.

रेफर करताना

घाटी (छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेड, कुठेही पाठवा, रस्त्यात दोन-तीन तास जातात, कधी जास्त. हे तास जळिताच्या सगळ्यात गळक्या वेळेत येतात. निघण्याआधी दोन्ही लायनी बांधलेल्या, बाटल्या पुरेशा, युरोबॅग रिकामी करून वेळ लिहिलेली. नातेवाइकांच्या हातात बाटली देऊन त्यांना धार सांभाळायला लावू नका. १०८ मधल्या डॉक्टरांना दर आणि उद्दिष्ट तोंडी सांगा आणि लिहूनही द्या.

चिठ्ठीवर "सुमारे ५० टक्के बर्न, आयव्ही फ्लुइड्स दिले" एवढंच असेल तर समोरच्या डॉक्टरला सगळं शून्यापासून करावं लागतं. भाजल्याची वेळ, वजन आणि ते कुठून मिळालं, टक्केवारी, आतापर्यंत कुठलं पाणी किती मिली गेलं, लघवी एकूण किती आणि शेवटच्या तासाला किती, आत्ताचा दर, आणि कुठली इंजेक्शनं दिली. लॅसिक्स किंवा डायक्लोफेनॅक दिलं असेल तर तेही लिहा, लपवू नका. त्याने पुढच्या डॉक्टरचा निर्णय बदलतो.

२४ तास उलटल्यावर रक्तवाहिन्यांची गळती हळूहळू कमी होते, पण सगळ्यांची एका वेळी होत नाही. दर घटवत नेऊन तो रोजच्या गरजेइतका झाला आणि तरी सलग दोन तास लघवी ३० च्या वर राहिली, की पहिला टप्पा पार पडला असं मी धरतो. तोवर नळीने आहार सुरू झालेला असावा, सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनीन (किडनीचं काम सांगणारी तपासणी) सकाळ-संध्याकाळ बघावं, आणि जळीत मोठं असेल तर ड्रेसिंगमधून बाहेर जाणारं पाणी पुढचे कित्येक दिवस चालूच राहतं, हे रोजच्या सलाइनच्या हिशेबात धरावं. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते आणखी वाढतं.